तक्ता सहा महिने पुढे सरकवला तर?

‘ताई, सात वर्षं नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तला काढली आणि फेब्रुवारीत नवऱ्याच्या बदलीमुळे न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला आले. उट्रेख्तला स्वयंपाकघराच्या दारावर मी हाताने काढलेला एक तक्ता होता. कुठल्या महिन्यात कुठली भाजी, कुठलं फळ. तो जपून इकडे आणला आणि इथे तो पार उलटा पडला. आता मे महिना चालू आहे. तिकडच्या मैत्रिणी पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचे फोटो पाठवताहेत आणि मी हीटरला चिकटून बसले आहे. दुकानात “पॅप्रिका” विचारली तर तिथल्या मुलाने मला मसाल्यांच्या रांगेत नेऊन उभं केलं. शिकागोच्या बहिणीच्या कृतीने केक केला, तो चिवट झाला, तेही “हाय ग्रेड” लिहिलेला मैदा मुद्दाम शोधून आणला असताना. वर ती बहीण म्हणते, अंडी फ्रीजबाहेर मांडणारं दुकान आधी बदल. शेजारीण पिशवीभर हिरवी फळं दारात ठेवून गेली. मी ती पिकायची वाट बघत बसले, आठवड्याने कापली तर आतून काळी. तक्ता सहा महिने पुढे सरकवला की जमेल का? की सात वर्षांत शिकले ते सगळं फेकून द्यायचं? – पाटी कोरी झालेली’

सरकवून बघ. निम्मं जमेल. उरलेलं निम्मं का जमणार नाही, ते सांगते. पण त्याआधी तुझ्या पत्रात न लिहिलेला एक हिशेब मांडते, कारण मला वाटतं खरी ठसठस तिथे आहे.

तू उट्रेख्तचा सप्टेंबर ते नोव्हेंबर शरद काढलास, मग हिवाळा काढलास आणि फेब्रुवारीत विमानात बसलीस. उतरलीस ती उन्हाळ्याच्या शेपटाला. न्यूझीलंडमध्ये ऋतू महिन्यांच्या पहिल्या तारखेला बदललेले मानतात, त्यामुळे 1 मार्चला तिथे शरद लागला आणि 1 जूनला हिवाळा लागेल. म्हणजे शरद, हिवाळा, जेमतेम काही आठवडे ऊन, पुन्हा शरद, पुन्हा हिवाळा. तुझा मागचा वसंत गेल्या वर्षी मे अखेरीस संपला आणि पुढचा येणार 1 सप्टेंबरला. मधे पंधरा महिने. कोबी, गाजर, भोपळा, बटाटा यांच्या आवर्तनातून तू लागोपाठ दुसऱ्यांदा चालली आहेस आणि स्वतःला विचारते आहेस की हल्ली कशात चव का लागत नाही. अगं, कुणाला लागेल? यात तुझं काही चुकलेलं नाही. उत्तर गोलार्धातून फेब्रुवारीत दक्षिणेकडे गेलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. ऑगस्टात गेलेल्यांचं उलट होतं, त्यांना दोन उन्हाळे मिळतात आणि ते मग वर्षभर ‘इथली हवा काय छान’ म्हणत फिरतात.

आता तक्ता. सहा महिन्यांचं गणित जिथे चोख बसतं असं पीक म्हणजे नेमकं तुला छळणारं, अ‍ॅस्परॅगस. तिकडे त्याचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो आणि 24 जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, थांबतो. ती तारीख सणाची असली तरी कारण शेतीचं आहे. कोंब खुडतच राहिलं तर झाडाला वर यायला, पिसाऱ्यासारखी पानं काढायला आणि पुढच्या वर्षासाठी मुळांत साठा करायला वेळच मिळत नाही. म्हणून शेतकरी हात आखडता घेतो. क्राइस्टचर्चला हेच सगळं सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होऊन डिसेंबरात आटोपतं. फक्त तुला तिथे बहुतेक हिरवं मिळेल. पांढरं हे वेगळं वाण नव्हे. कोंबांवर मातीचे वरंबे चढवून उजेड अडवला की ते पांढरं राहतं आणि ते काम भरपूर हात खातं.

तेव्हा त्या रकान्यापुढे निर्धास्त ‘ऑक्टोबर’ लिही. सफरचंद, स्ट्रॉबेरी, मका, भोपळा यांचंही सहा महिन्यांनी बऱ्यापैकी जुळेल. डिसेंबरात मात्र गंमत आहे. तुझ्या जुन्या तक्त्यात नाताळापुढे ब्रसेल्स स्प्राउट्स असतील, तिथे आता सेंट्रल ओटागोच्या चेरी येतील आणि ओआमारूचे पातळ सालीचे नवे बटाटे, जे नखाने खरवडले तरी सोलून निघतात.

निम्मं का जमत नाही, याचं पहिलं कारण नकाशात आहे. उट्रेख्त 52 अंश उत्तरेला आणि क्राइस्टचर्च साधारण साडेत्रेचाळीस अंश दक्षिणेला. आरशात धरलं तर तू उट्रेख्तहून दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेच्या रेषेवर आलीस. उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस आता तासाभराहून जास्त लहान असेल आणि हिवाळ्यातला सगळ्यात लहान दिवस तेवढाच मोठा. पण मार्सेचा उन्हाळा मिळेल अशी आशा धरू नकोस. चहूबाजूंनी समुद्र आहे, तो उन्हाळ्याला फार तापू देत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुझा तो तक्ता मुळात उट्रेख्तचा नव्हताच. एक ट्रक दोन-तीन दिवसांत जिथवर पोचतो तिथवरचा होता. जानेवारीत तू काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची घेत होतीस, ती उट्रेख्तच्या चिखलात पिकत होती थोडीच! बरीचशी दक्षिण स्पेनमधल्या अल्मेरियाहून येत होती. तिथे तीस हजारांहून जास्त हेक्टर जमीन प्लॅस्टिकच्या छपराखाली आहे, इतकी की उपग्रहाच्या चित्रात पांढरा डाग दिसतो. बाकीची नेदरलँड्समधल्याच काचघरांतली. न्यूझीलंडला असा शेजारी नाही. सगळ्यात जवळचा ऑस्ट्रेलिया, तोही दोनेक हजार किलोमीटर समुद्रापार. शिवाय कीड-रोग आत येऊ नयेत म्हणून ताज्या फळभाज्यांवर त्यांची करडी नजर. विमानतळावर विसरून पिशवीत राहिलेल्या एका सफरचंदालासुद्धा 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. त्यामुळे तिथे जुलैत टोमॅटो आणि ढोबळी मिरची दुर्मीळ आणि महाग होणारच. दुकानदार लुटतोय असं समजून त्याच्याकडे रागाने बघू नकोस.

आणि ट्रकवर तरी किती भिस्त ठेवायची? 2017 च्या फेब्रुवारीत स्पेनमध्ये पाऊस आणि थंडीने पीक गेलं, तर ब्रिटनमधल्या दुकानांनी आइसबर्ग लेट्युसवर माणशी मर्यादा घातली. ज्यांना लेट्युसला हंगाम असतो हेच ठाऊक नव्हतं, त्यांना ते त्या आठवड्यात कळलं. अमेरिकेत ही बदली इतकी बेमालूम होते की कुणाला पत्ता लागत नाही. उन्हाळ्यात लेट्युस कॅलिफोर्नियातल्या सालिनास खोऱ्यातून येतं, थंडी पडली की ॲरिझोनातल्या युमाहून. पाकीट तेच, शेत बदललेलं.

काही ठिकाणी हंगाम माणसांनीच हलवलाय. जपानमध्ये स्ट्रॉबेरी उघड्यावर लावली तर मे महिन्याच्या आसपास येते, पण दुकानांत तिचा भर डिसेंबरपासून असतो, कारण तिथे नाताळच्या केकवर स्ट्रॉबेरी हवी. सगळा बाजार काचघरं-प्लॅस्टिकघरं करून त्या केकमागे धावला. विषुववृत्ताजवळ तर सहा महिने सरकवण्याला अर्थच नाही. केनियात विचारायचं ते मार्च ते मेचा मोठा पाऊस झाला का आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा छोटा आला का. इक्वाडोरमध्ये महिन्यापेक्षा उंची विचारावी. किनाऱ्यावर केळी, अडीच-तीन हजार मीटरवर बटाटे, दोन्ही एकाच तारखेला.

म्हणून तक्ता फेकू नकोस, पण डाव्या बाजूच्या महिन्यांवर काट मार. तो तू सात वर्षं डोळे उघडे ठेवून केलास, ती सवय उपयोगाची. नवी वही घे आणि वर्षभर आठवड्याला दोनच ओळी लिही. या आठवड्यात दुकानात शिरल्या शिरल्या कशाचा ढीग होता आणि त्यावर कुठला पत्ता होता. हंगामातली वस्तू स्वतःहून दारापाशी येते, बेमोसमाची आत कोपऱ्यात चार-चारच्या पाकिटात बसते. किमतीच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात किलोमागचा भाव असतो, तो बघ. मोठ्या आकड्याकडे बघून फसायला होतं.

पत्ता म्हणजे फळावरचा तो नखाएवढा स्टिकर. त्यावरचे चार आकडे देशाचे नसतात, गल्ल्यावरच्या मुलीने झटकन वाण ओळखावं म्हणून असतात. पिवळं केळं जगभर 4011. आकडे पाच असतील आणि सुरुवात 9 ने असेल तर ते सेंद्रिय. देशाचं नाव शेजारी, अगदी बारीक. उट्रेख्तला थंडीत घेतलेल्या कीवीवर ‘इटली’ असायचं आणि उन्हाळ्यात ‘न्यूझीलंड’, आठवतं? ती कीवी खाताना तू दर वर्षी गोलार्ध बदलत होतीस. आणि मे-जूनमध्ये तिथे जी कुरकुरीत नवी सफरचंदं यायची, ती पुष्कळदा तू आज आहेस त्याच देशातून आठवडेच्या आठवडे बोटीतून येत होती. त्यांच्या शेजारी मांडलेली युरोपातली सफरचंदं मागच्या शरदात उतरवलेली. ऑक्सिजन एक-दोन-तीन टक्क्यांवर आणलेल्या थंड खोलीत ती महिनोन् महिने झोपतात. वाईट नसतात हं. पण या महिन्यात तू झाडावरून नुकतं उतरलेलं खाऊ शकतेस आणि मैत्रिणीला ते बोटीतून मागवावं लागतं. एक फोटो तूही पाठव की.

एक सावधगिरीची सूचना. 1 सप्टेंबरला वसंत लागला म्हणून टोपली घेऊन धावू नकोस. वसंताचा पहिला भाग भाज्यांच्या दृष्टीने वर्षातला सगळ्यात रिता काळ असतो. साठवणीतलं संपत आलेलं, शेतातलं नवं अजून वीतभर. ब्रिटनमधले भाजीवाले शेतकरी एप्रिल-मेच्या या पोकळीला ‘भुकेची फट’ म्हणतात. फुलं मात्र तेव्हाच ओसंडत असतात, त्यामुळे माणूस फसतो. त्या दिवसांत गोठवलेले मटार खुशाल वापर. क्राइस्टचर्चच्या भोवतालच्या कँटरबरीच्या मैदानात मटार पिकतो आणि खुडल्यावर काही तासांत गोठवला जातो. दोन हजार किलोमीटर उडून आलेल्या मऊ पडलेल्या शेंगेपेक्षा मला तो ताजा वाटतो. ‘हंगामातलंच खावं’ याचं सोवळं पाळणाऱ्यांशी माझं या बाबतीत पटत नाही.

पॅप्रिकाबद्दल त्या मुलाला दोष देऊ नकोस. डच आणि जर्मनमध्ये ती ढोबळी मिरची, इंग्रजीत ती लाल पूड. न्यूझीलंडमध्ये तिला ‘कॅप्सिकम’ म्हण, ब्रिटनमध्ये नुसतं ‘पेपर’, अमेरिकेत ‘बेल पेपर’. ‘कूर्झेत’ मात्र उट्रेख्तहून जशीच्या तशी चालेल. तीच भाजी तास्मान समुद्र ओलांडला की ऑस्ट्रेलियात ‘झुकिनी’ होते. रताळ्याला तिथे ‘कूमरा’ म्हणतात. ‘याम’ लिहिलेल्या टोपलीत तुला बोटाएवढे गुलाबी, सुरकुतलेले कंद दिसतील, ते अँडीज पर्वतातले ओका. बहिणीच्या शिकागोत ‘याम’ म्हणून बहुधा नारिंगी रताळं देतील आणि पश्चिम आफ्रिकेत खरा याम, मांडीएवढा. स्पेनमध्ये ‘लिमोन’ पिवळं, मेक्सिकोत बहुतेक वेळा हिरवं. मी स्वतः सिडनीत एका मंडईत ‘शॅलट’ मागितले, मला हवे होते ते छोटे जांभळट कांदे, आणि घरी आले लांब हिरव्या कांद्याच्या पातीची जुडी घेऊन. वर विक्रेत्याशी हुज्जत घातली ती वेगळीच. तिकडे पातीलाच शॅलट म्हणतात. तेव्हापासून कृती वाचताना अडलं की आधी फोटो शोधते, तरी शंका राहिली तर लॅटिन नाव. लॅटिन नावाला सासर-माहेर नसतं.

केकचं गूढ सोपं आहे आणि तुला ऐकून हसू येईल. न्यूझीलंडमध्ये मैद्याच्या पिशवीवरचं ‘हाय ग्रेड’ म्हणजे उच्च प्रतीचा नव्हे, जास्त प्रथिनांचा. ब्रेडला तो हवा, कारण त्याची लवचीक जाळी धरते. तीच जाळी केकमध्ये चिवटपणा आणते. केकसाठी ‘स्टँडर्ड’ आण. जर्मनीतल्या पिशवीवर 405, 550 असे आकडे असतात आणि फ्रान्समध्ये 45, 55. तेही दर्जाचे गुण नव्हेत. मैदा जाळल्यावर किती राख उरते त्याचे आहेत, म्हणजे कोंडा किती राहिला त्याचा अंदाज. बहिणीच्या कृतीतली लोण्याची ‘एक स्टिक’ म्हणजे 113 ग्रॅम, हे लिहून ठेव. तिचा कप साधारण 237 मिलिलिटर, तुझा आता 250. ऑस्ट्रेलियन पुस्तकातून काही करशील तेव्हा त्यांचा मोठा चमचा 20 मिलिलिटरचा असतो आणि तुझ्याकडचा 15 चा, हेही लक्षात असू दे. वजनाचा काटा घेऊन टाक, हे सगळं पाठ करायची गरज उरणार नाही.

काट्यावरून आठवलं. तुझ्यासारखीच पत्रं हाँगकाँग आणि सोलहूनही आली आहेत, त्यांच्यासाठी इथेच. चीनमधला ‘जिन’ 500 ग्रॅमचा आहे, पण हाँगकाँगच्या मंडईतला ‘कॅटी’ सुमारे 605 ग्रॅमचा. कोरियातला ‘गुन’ मांसाला 600 ग्रॅम आणि भाजीला साधारण 400. भाव विचारण्याआधी माप विचारा.

अंड्यांवरून बहिणीशी भांडू नकोस, दोघी बरोबर आहात. अमेरिकेत अंडी विकण्याआधी धुतात. धुताना कवचावरचं नैसर्गिक संरक्षक आवरण जातं, म्हणून पुढे ती थंडच ठेवावी लागतात. युरोपात खाण्याची अंडी सहसा धुवत नाहीत, आवरण शाबूत राहतं, म्हणून ती दुकानात बाहेर मांडलेली चालतात. तू सात वर्षं तशीच आणलीस आणि धडधाकट आहेस. घरी फ्रीजमध्ये ठेवायची तर ठेव, पण एकदा थंड केलेली पुन्हा बाहेर काढून ठेवू नकोस. कवचावर दव सुटतं आणि त्या ओलीतून जंतू आत शिरू शकतात.

राहिली ती हिरवी फळं. तुझ्या वर्णनावरून आणि महिन्यावरून ती फिजोआ. मूळची दक्षिण अमेरिकेची, पण न्यूझीलंडमध्ये घरोघरच्या कुंपणाला लागलेली. मार्चपासून जूनपर्यंत इतकी पडतात की लोकांना कुणाला देऊ असं होतं. ती पिकली तरी हिरवीच राहतात, तू रंग बदलायची वाट बघत बसलीस तिथे घात झाला. तयार झाली की आपोआप गळतात, म्हणजे शेजारणीने जमिनीवरून वेचून आणली तेव्हाच ती खायची होती.

तिला खरं ते सांग. ‘पिकायची वाट बघितली’ म्हटलंस तर ती आधी पोटभर हसेल, मग पुन्हा पिशवी भरून देईल. अजून महिनाभर तरी तिच्या झाडाखाली सडा असेल. आडवं काप, चमच्याने गर काढ. मधली जेली काचेसारखी आरपार दिसली तर तिथल्या तिथे उभ्यानेच खा. खाकी झाली असेल तर तुला एक-दोन दिवस उशीर झाला.